फवारणीचा तक्ता मध्येच तुटतोय : ग्रुप_कॉन्कॅट अर्धवट यादी देतंय, मदत हवी

कादवाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाच्या नोंदी मी सांभाळते. प्रत्येक प्लॉटवर गोडी छाटणीपासून (ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी) काढणीपर्यंत जे जे फवारे बसले, ते तारीख, औषध, मात्रा असे डेटाबेसमध्ये भरायचे आणि माल पॅकहाऊसला जाण्याआधी प्लॉटवार एक पान छापून द्यायचं, असं काम. छोटा पीएचपी प्रोग्राम मीच लिहिलाय, दोन हंगाम चाललाय.

आज संध्याकाळी एक काका पान हातात घेऊन आले. सोबत त्यांची वही. म्हणाले, "पोरी, माझे संक्रांतीच्या आसपासचे फवारे कुठे गेले?" वहीत ३७ नोंदी, आणि आमच्या पानावर १९. विसावी नोंद अर्धी, "२ ग्" वर संपलेली. ग्रॅममधला नुसता ग. त्यापुढे काहीच नाही.

डेटाबेसमध्ये बघितलं तर सगळ्या नोंदी आहेत, एकही गहाळ नाही. क्वेरी साधी आहे, प्लॉटच्या सगळ्या नोंदी ग्रुप_कॉन्कॅटने एका यादीत जोडते :

सिलेक्ट प्लॉट_क्र, ग्रुप_कॉन्कॅट(कॉन्कॅट(दिनांक, ' ', औषध, ' ', मात्रा) ऑर्डर बाय दिनांक) फ्रॉम फवारणी ग्रुप बाय प्लॉट_क्र

घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्पमध्ये (सर्व्हरचा संच घरी चालवायचं पॅकेज) हीच क्वेरी, हाच डेटा, आणि यादी पूर्ण येते. सर्व्हरवर तुटते. एररही येत नाही. गेल्या वर्षीचं एक पान काढून बघितलं तर तेही तुटलेलं आहे, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. हे बघून पोटात गोळा आला. परवा तीन प्लॉटची काढणी धरलीय, त्यामुळे जरा घाई आहे.

(आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजी अक्षरांत आहेत.)

---

सिडको_चौथी_स्कीम | सोमवार, रात्री ९.५२

ताई, आधी एक बघा. पीएचपी-मायअ‍ॅडमिनमध्ये बघताय का? डेटाबेस बघायच्या त्या पडद्यावर लांब मजकूर ५० अक्षरांवर कापून दाखवतात आणि पुढे तीन टिंबं येतात. वर पर्यायांमध्ये 'पूर्ण मजकूर' निवडला की सगळं दिसतं. माझा एकदा अख्खा दिवस यात गेलाय.

---

कादवाकाठ | सोमवार, रात्री ९.५८

नाही भाऊ, ते माहीत आहे. छापलेल्या पानावरच तुटलंय. आणि टिंबंही नाहीत.

---

गंगाघाट | सोमवार, रात्री १०.१५

कारण सापडलं असं समजा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन नावाची एक सेटिंग असते. एका गटाची जोडलेली यादी जास्तीत जास्त किती लांब होऊ द्यायची, ते ती ठरवते. मुळात ती १०२४ असते. तेवढी जागा भरली की पुढचं सगळं सोडून दिलं जातं, आणि जे उरतं तेच उत्तर म्हणून हातात येतं.

घरी पूर्ण येतं याचंही कारण सोपं आहे. झॅम्पमध्ये नाव मायएसक्यूएल दिसलं तरी आत मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच फुटलेला वेगळा डेटाबेस, असतं. मारियाडीबीने १०.२.४ पासून हीच मर्यादा १०४८५७६ केली, म्हणजे पूर्ण एक एमबी. सर्व्हरवर तुमच्याकडे खरं मायएसक्यूएल असणार. दोन्हीकडे हे चालवा आणि आकडे सांगा :

शो व्हेरिएबल्स लाइक 'ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन'
सिलेक्ट व्हर्जन()

---

कादवाकाठ | सोमवार, रात्री १०.२४

घरी : १०४८५७६, मारियाडीबी १०.४. सर्व्हरवर : १०२४, मायएसक्यूएल ८.०. अगदी तुम्ही म्हणालात तसंच.

पण एक कळलं नाही. १०२४ अक्षरं म्हणजे बरीच झाली की. माझी तुटलेली यादी मोजली तर चारशेच्या आसपास अक्षरं भरतात. मग बाकीची जागा गेली कुठे?

---

गंगाघाट | सोमवार, रात्री १०.५०

चांगला प्रश्न विचारलात. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

१०२४ हा आकडा अक्षरांचा नाही, बाइटचा म्हणजे साठवणुकीच्या जागेचा आहे. इंग्रजी अक्षर, स्वल्पविराम, मोकळी जागा यांना प्रत्येकी १ बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'द्राक्ष' हा शब्द घ्या. डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, द्रा आणि क्ष. आत मात्र द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष अशी ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. 'नाशिक' म्हणजे १५ बाइट.

आता तुमच्यासारखी एक नोंद घेऊ : १२/११ सल्फर २ ग्रॅम

तारखेचे चार आकडे १२ बाइट, तिरपी रेघ १, सल्फर १५, मात्रेचा आकडा ३, ग्रॅम १५, आणि मधल्या तीन मोकळ्या जागा ३. एकूण ४९. पुढचा स्वल्पविराम धरून ५०. हीच नोंद ३० वेळा भरून आत्ता माझ्या मायएसक्यूएलवर चालवली. २० नोंदी पूर्ण आल्या, म्हणजे १००० बाइट. उरले २४. एकविसाव्या नोंदीची तारीख आणि मोकळी जागा यात १४ गेले, मग स, ल, हलन्त यांचे ९. झाले २३. 'फ' ला ३ हवेत आणि शिल्लक १. त्यामुळे यादी 'सल्' वर थांबली.

हिशोब जुळतोय का बघा : एकूण १०२३ बाइट आणि चिन्हं मोजली तर ४०९. तुम्ही चारशे म्हणालात ते यामुळेच. निव्वळ देवनागरी असेल, मध्ये आकडा नाही, मोकळी जागा नाही, तर १०२४ बाइटमध्ये ३४१ चिन्हंच बसतात.

यातून अजून एक गोष्ट निघते. कापताना मायएसक्यूएल अर्धं चिन्ह ठेवत नाही, पूर्ण चिन्हाच्या सीमेवर थांबतं. त्यामुळे मराठी यादी तुटली की लांबी बरोबर १०२४ भरेलच असं नाही, १०२३ किंवा १०२२ सुद्धा भरते. 'लांबी १०२४ आहे का' असं तपासून तुटकी यादी पकडायला जाल तर निसटेल.

---

सिडको_चौथी_स्कीम | सोमवार, रात्री ११.०२

दादा, आमचं टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये आहे. मग देवनागरीला ४ बाइट लागणार का?

---

गंगाघाट | सोमवार, रात्री ११.०६

नाही. तिथेही देवनागरीला ३ च. चार बाइट इमोजीसारख्या चिन्हांना लागतात.

---

लासलगाव_वखार | सोमवार, रात्री ११.२०

मग औषधांची नावं इंग्रजीत भरा ना. 'सल्फर' ला १५ बाइट आणि इंग्रजीत लिहिलं तर ७. आकडेही इंग्रजी वापरा. निम्म्यात काम होईल आणि कुठली सेटिंग बदलायला नको.

---

कादवाकाठ | सोमवार, रात्री ११.३१

भाऊ, सुचवलंत त्याबद्दल आभार, पण ते मी करणार नाही. हे पान आधी बागायतदार वाचतात, मग पॅकहाऊस. काकांना चूक सापडली ती पान मराठीत होतं म्हणून. वहीशेजारी ठेवून ओळ न् ओळ बोट फिरवत त्यांनी जुळवलं. इंग्रजीत असतं तर सही करून मोकळे झाले असते.

---

गंगाघाट | सोमवार, रात्री ११.३८

पूर्ण सहमत. शिवाय इंग्रजी केलं तरी मर्यादा तिथेच राहते, फक्त तुटण्याची जागा पुढे सरकते. पावसाळी वर्षात केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारे वाढले की पुन्हा तेच.

आता उपाय. ताई, तुमचा सर्व्हर भाड्याचा असेल तर अख्ख्या सर्व्हरची सेटिंग बदलायचा अधिकार तुम्हाला नसेल. पण स्वतःच्या जोडणीपुरती बदलायला वेगळा अधिकार लागत नाही. डेटाबेसशी जोडणी उघडल्याबरोबर, मुख्य क्वेरीच्या आधी, त्याच जोडणीवर हे चालवा :

सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००;

'त्याच जोडणीवर' हे महत्त्वाचं. पीएचपी-मायअ‍ॅडमिनच्या खिडकीत चालवून प्रोग्रामवर परिणाम होत नाही, ती वेगळी जोडणी असते.

मायएसक्यूएल ८ आहे म्हणून दुसरी वाटही आहे. सिलेक्ट शब्दाला लागूनच सूचना द्यायची : /*+ सेट_व्हार(ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००) */. ती तेवढ्या एका क्वेरीपुरतीच लागू होते.

---

मखमलाबादकर | मंगळवार, सकाळी ७.१०

एक लाख कशाला, सरळ जास्तीत जास्त मोठा आकडा टाका आणि विसरून जा.

---

गंगाघाट | मंगळवार, सकाळी ८.०५

तसं नको. एक तर मॅक्स_अलाउड_पॅकेट ही दुसरी मर्यादा वर असतेच, तिच्यापलीकडे यादी जात नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये ती मुळात ६४ एमबी, ५.७ मध्ये ४ एमबी होती. दुसरं असं की ही मर्यादा कुंपणासारखी आहे. उद्या कुणी ग्रुप बाय चुकवलं आणि सगळ्या तालुक्याच्या नोंदी एकाच ओळीत जोडायला निघाला, तर सर्व्हरची मेमरी खाण्याआधी ती आडवी येते.

सर्वात लांब प्लॉटचा हिशोब करा. ३७ नोंदी गुणिले ५० म्हणजे १८५०. वाईटात वाईट हंगाम, लांब नावांची औषधं, दोन औषधं एकत्र मारलेली, असं सगळं धरलं तरी १० हजारांच्या आत. एक लाख म्हणजे दहापट मोकळी जागा झाली. पुरेशी आहे.

---

सातपूर_सेकंडशिफ्ट | मंगळवार, सकाळी ८.४०

आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे, तिथलं सांगतो, कारण तिथे तऱ्हा वेगळी. २०१७ पासून स्ट्रिंग_अ‍ॅग आलं. ते ग्रुप_कॉन्कॅटसारखंच यादी जोडतं, पण गुपचूप कापत नाही. ८००० बाइटच्या वर गेलं की ९८२९ क्रमांकाची एरर देऊन क्वेरीच थांबवतं. एनव्हारचार या मजकुराच्या प्रकाराला चिन्हामागे २ बाइट, म्हणजे मराठीची ४००० चिन्हं. उपाय असा की जोडण्याआधीच कॉलम कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, एनव्हारचार(मॅक्स) करायचा. जोडून झाल्यावर बाहेरून कास्ट केलं तर उपयोग नाही, एरर आतच येऊन गेलेली असते.

आमच्या लाइनवर बॅचनुसार पार्टचे सीरियल नंबर जोडतो. पहिल्यांदा एरर आली तेव्हा वैताग आला होता. तुमचा धागा वाचल्यावर वाटतं, एरर आली तेच बरं झालं.

---

रविवार_कारंजा | मंगळवार, सकाळी ९.१५

ओरॅकलमध्येही तसंच. तिथलं यादी जोडणारं लिस्टॅग ४००० बाइटच्या पुढे गेलं की ओआरए-०१४८९ ही एरर. १२.२ पासून 'ऑन ओव्हरफ्लो ट्रंकेट' लिहून स्वतःहून कापायची परवानगी देता येते, आणि शेवटी किती नोंदी सुटल्या तो आकडाही ते कंसात दाखवतं. पोस्टग्रेसचं स्ट्रिंग_अ‍ॅग १ जीबीपर्यंत जातं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

---

सिडको_चौथी_स्कीम | मंगळवार, सकाळी ९.३०

म्हणजे एकटं मायएसक्यूएलच काही न बोलता कापतं?

---

गंगाघाट | मंगळवार, सकाळी १०.००

बोलतं, पण हळू. १२६० क्रमांकाची वॉर्निंग नोंदवतं, अमुक ओळ ग्रुप_कॉन्कॅटने कापली अशी. क्वेरीनंतर लगेच 'शो वॉर्निंग्ज' चालवलं तर दिसते. आपल्यापैकी कुणी चालवत नाही, हा भाग वेगळा.

आणि एक बारकावा. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा भरू न देणारी सेटिंग) चालू असेल आणि हीच यादी 'इन्सर्ट सिलेक्ट' करून दुसऱ्या टेबलात भरायला गेलात, तर त्याच वॉर्निंगची एरर होते आणि भरणं थांबतं. नुसतं सिलेक्ट करून छापलं तर मात्र फक्त वॉर्निंग. ताई, तुम्ही थेट छापता, म्हणून दोन हंगाम कळलं नाही.

पीएचपीत मायएसक्यूएलआय (डेटाबेसशी जोडायची सोय) वापरत असाल तर जोडणीवर वॉर्निंग_काउंट, म्हणजे किती वॉर्निंग आल्या तो आकडा, मिळतो. क्वेरी झाली की तो बघा. शून्य नसेल तर पान छापूच नका, पडद्यावर लाल अक्षरांत 'यादी अपूर्ण' असं दाखवा. माझ्या मते मर्यादा वाढवण्यापेक्षा हे जास्त गरजेचं आहे. मर्यादा आज एक लाख केली, उद्या कुणी दुसऱ्या सर्व्हरवर प्रोग्राम हलवला की पुन्हा १०२४.

---

द्राक्षवेल_ओझर | मंगळवार, सकाळी ११.२०

मी प्रोग्रामर नाही, बागायतदार आहे. मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितोय. तुमच्या बोलण्यात एक गोष्ट मागे पडतेय.

यादी तारखेने लावलेली आहे आणि शेपूट कापलं जातंय. म्हणजे जातात ते शेवटचे फवारे. आमच्या दृष्टीने तेच सर्वात महत्त्वाचे. प्रत्येक औषधाचा पीएचआय असतो, शेवटचा फवारा आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत तो. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत औषधवार तो दिलेला असतो. निर्यातीचा प्लॉट ग्रेपनेटवर (निर्यात द्राक्षांच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेला असतो, रेसिड्यूचं म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचं सॅम्पल लॅबला जातं, युरोपच्या एमआरएलमध्ये (अंशाची कमाल मर्यादा) बसलं तरच कंटेनर हलतो. ऑक्टोबरात पोंगा असताना, म्हणजे डोळे फुटताना, काय मारलं, याला काढणीच्या वेळी कोण विचारतो? जानेवारीत मण्यात पाणी भरल्यावर काय मारलं तेच बघतात. तुमचं पान नेमकं तेवढंच खात होतं.

वाईट याचं वाटतं की तुटलेलं पान तुटलेलं दिसत नाही. उलट ते चांगलं दिसतं. शेवटचे दोन महिने बागेला काहीच मारलं नाही, असं वाटतं. घेणाऱ्याला बरंच वाटणार.

---

कादवाकाठ | मंगळवार, दुपारी १२.०५

काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी 'पान अर्धवट आलं' एवढाच विचार करत होते.

---

मखमलाबादकर | मंगळवार, दुपारी १२.३०

मग यादी उलटी लावा. ऑर्डर बाय दिनांक डिसेंडिंग. कापलं गेलंच तर जुने फवारे जातील, नवे राहतील.

---

गंगाघाट | मंगळवार, दुपारी १२.५५

उलटी लावायला हरकत नाही, वाचणाऱ्याला शेवटचा फवारा वर दिसला तर सोयीचंच. पण कापण्यावरचा उपाय म्हणून नको. तेव्हा ऑक्टोबरच्या नोंदी जातील आणि काल वहीवाल्या काकांच्या लक्षात आलं तसं कुणाच्याही लक्षात येणार नाही. नोंदवही ती नोंदवही, पहिली ओळ गेली काय नि शेवटची गेली काय.

---

रविवार_कारंजा | मंगळवार, दुपारी १.४०

मूळ प्रश्न असा की जोडायचं काम डेटाबेसला कशाला? साध्या ओळी आणा, प्लॉट आणि दिनांकाने लावून, आणि पीएचपीत प्लॉट बदलला की नवं पान सुरू करा. मर्यादाच उरत नाही. प्रत्येक फवारा वेगळ्या ओळीत छापता येतो, सही करणाऱ्याला वाचायलाही बरं. ग्रुप_कॉन्कॅट मी फक्त पडद्यावर झटकन नजर टाकण्यासाठी वापरतो. ज्या कागदावर कुणी सही करणार, त्यासाठी नाही.

---

कादवाकाठ | मंगळवार, दुपारी ४.१०

पटतंय. हंगाम संपला की तसंच करणार आहे. आज मात्र पान त्याच साच्यात द्यायचंय, म्हणून जोडणीच्या फाइलमध्ये सेट सेशनची ओळ घातली. सर्व्हरवर चालवलं आणि यादी लांब आली, तुटली नाही! वॉर्निंग_काउंट शून्य.

पण आता नवीनच. काकांच्या वहीत ३७, माझ्या पानावर ७२. प्रत्येक फवारा दोनदा येतोय. इतके दिवस यादी तुटत होती म्हणून दिसलंच नाही का? आधीच्या १९ नोंदी आता पुन्हा बघितल्या, तर त्यातही जोड्याच होत्या, तारखा सारख्या असल्याने मला वाटलं सकाळ-संध्याकाळचे फवारे असतील.

---

सातपूर_सेकंडशिफ्ट | मंगळवार, दुपारी ४.२५

तुम्ही वर दिलेली क्वेरी एकाच टेबलावर आहे. छपाईच्या क्वेरीत दुसरं टेबल जॉइन केलंय का, म्हणजे जोडलंय का?

---

कादवाकाठ | मंगळवार, दुपारी ४.२९

हो, इथे लिहिताना सोपी करून लिहिली होती, चूक झाली. प्लॉटच्या रेसिड्यू सॅम्पलचं टेबल जोडलंय, लॅबचा नमुना क्रमांक पानावर यावा म्हणून. या प्लॉटची दोन सॅम्पल गेली आहेत.

---

सातपूर_सेकंडशिफ्ट | मंगळवार, दुपारी ४.३८

तेच. दोन सॅम्पल म्हणून प्रत्येक फवारा दोनदा. घाईत डिस्टिंक्ट (सारख्या नोंदी एकदाच घेणारा शब्द) लावू नका हं. सकाळी आणि दुपारी खरोखर तेच औषध, तीच मात्रा दोनदा मारलं असेल तर त्या दोन खऱ्या नोंदींची एक होईल. आधी आतल्या क्वेरीत फवारणीचं प्लॉटनुसार ग्रुप_कॉन्कॅट करून घ्या, सॅम्पलचं वेगळं करा, आणि मग या दोन तयार याद्या प्लॉट क्रमांकावर जोडा.

---

कादवाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

केलं. आता ३६. वहीत ३७.

टेबलात मोजलं तर काउंट(*) ३७ देतंय. एक नोंद अजून हरवतेय आणि वॉर्निंग शून्य. मर्यादेचा प्रश्न तर नाही आता.

---

गंगाघाट | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

मात्रा रिकामी असलेली एखादी नोंद आहे का? म्हणजे नल?

कॉन्कॅटला दिलेल्या तुकड्यांपैकी एक जरी नल असला की पूर्ण उत्तर नल होतं. आणि ग्रुप_कॉन्कॅट नल दिसला की तो सोडून पुढे जातं, त्याची वॉर्निंगही नसते. तारीख आणि औषध व्यवस्थित भरलेलं असून, केवळ मात्रा नाही म्हणून अख्खा फवारा गायब. कॉन्कॅट ऐवजी कॉन्कॅट_डब्ल्यूएस(' ', दिनांक, औषध, मात्रा) वापरा. ते नल तुकडा वगळून बाकीचं जोडतं.

किंवा त्याहून बरं, मात्रेच्या जागी कोअलेस (नल असेल तर दुसरा मजकूर देणारं फंक्शन) वापरून 'मात्रा नोंदलेली नाही' असं छापा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल.

---

कादवाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

सापडली. २ जानेवारीची नोंद, मात्रा भरायची राहिली होती. काकांच्या वहीत ती आहे. कोअलेस लावलं आणि ३७ झाले. मग मात्राही भरून टाकली.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी 'एकूण फवारे : ३७' असं छापतेय. तो आकडा यादीतून काढलेला नाही, वेगळ्या काउंट(*) ने थेट टेबलातून येतो. यादीतल्या नोंदीही प्रोग्राम मोजतो, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर पान निघतच नाही. मोजायला सोपं जावं म्हणून स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ सेपरेटर केली, कारण काही औषधांच्या नोंदीत आधीच स्वल्पविराम आहेत.

---

द्राक्षवेल_ओझर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

हे चांगलं केलंत. वहीतले फवारे आम्हाला मोजता येतात. तळाशी आकडा असेल तर कुणीही बागायतदार अर्ध्या मिनिटात जुळवील, कॉम्प्युटर कळो न कळो.

---

कादवाकाठ | बुधवार, सकाळी ६.५०

मंडळी, रात्रीची पानं पुन्हा तुटली! काल संध्याकाळी मी हाताने काढली ती पूर्ण आहेत. पण रोज रात्री अकराला आपोआप पीडीएफ तयार होऊन पॅकहाऊसला मेल जातो, त्यात यादी पुन्हा १९ वरच.

---

गंगाघाट | बुधवार, सकाळी ७.०५

रात्रीचा क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) प्रोग्राम डेटाबेसशी वेगळी जोडणी उघडत असणार. सेट सेशन ज्या फाइलमध्ये टाकलंत ती फाइल तो वापरतोय का बघा.

---

कादवाकाठ | बुधवार, सकाळी ७.२०

नाही वापरत. गेल्या वर्षी घाईत जोडणीचा कोड त्यातच चिकटवला होता. आता दोन्ही प्रोग्राम एकाच फाइलमधून जोडणी घेतात आणि मोजणीची अटही त्या रात्रीच्या प्रोग्रामला लावली. पॅकहाऊसला फोन करून रात्रीचा मेल रद्द समजायला सांगितलं, नवी पानं पाठवली.

---

सिडको_चौथी_स्कीम | बुधवार, सकाळी ९.००

माझा सर्व्हर स्वतःचा आहे. मी काल हे वाचून सेट ग्लोबल केलं, तरी चालू असलेल्या प्रोग्राममध्ये फरक पडला नाही. का?

---

गंगाघाट | बुधवार, सकाळी ९.१५

ग्लोबल फक्त त्यानंतर उघडलेल्या जोडण्यांना लागू होतं. जुन्या जोडण्या जुन्याच आकड्यावर राहतात. तुम्ही जोडण्यांचा पूल (उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा) वापरत असाल तर तो पुन्हा सुरू करा. शिवाय सर्व्हर बंद होऊन चालू झाला की ग्लोबल पुसलं जातं. कायमचं हवं असेल तर माय.सीएनएफ फाइलमध्ये मायएसक्यूएलडी या मथळ्याखाली ओळ लिहा, किंवा मायएसक्यूएल ८ असेल तर सेट पर्सिस्ट वापरा.

---

लासलगाव_वखार | बुधवार, सकाळी १०.३०

मीही आमच्या कांद्याच्या आवकेच्या पावत्यांची यादी तपासली. शेतकऱ्यामागे पावती क्रमांक जोडतो. सगळे इंग्रजी आकडे, म्हणून इतके दिवस पुरत होतं. तरी दोन मोठ्या शेतकऱ्यांच्या याद्या कापलेल्या निघाल्या. परवा मी इंग्रजीचा सल्ला दिला होता, तो मागे घेतो.

---

कादवाकाठ | बुधवार, रात्री ८.४५

आज तिन्ही प्लॉटची पानं दिली. काका स्वतः आले होते. ओटीवर बसून वही उघडली, पानावर बोट ठेवलं आणि एकेक फवारा मोठ्याने वाचत गेले, मी वहीत खूण करत गेले. ३७ ला ३७. शेवटची ओळ ११ जानेवारीची, सल्फर, २ ग्रॅम. ग्रॅम पूर्ण.

गेल्या हंगामाची पानं उद्यापासून पुन्हा काढायला घेतेय. ज्यांची तुटलेली निघतील त्यांना घरी जाऊन नवी देणार आहे.